पलीकडची टकटक

वामनरावांनी पान्हा उचलून पाइपावर तीनदा ठोकला आणि पाइपाला कान लावून ते तसेच बसून राहिले. तोंडातून वाफ बाहेर पडत होती. भुवयांवरचा बर्फ खोटा होता, जाड्या मिठाचा. नाकाच्या शेंड्यावरची लाली मात्र खरी होती. ती रंगवायची गरज कालपासूनच उरली नव्हती.

"कट," निखिल म्हणाला. "मस्त झालं, काका."

कोपऱ्यात पालथ्या क्रेटवर बसलेल्या स्वराने हात वर केला. तिच्या कानांवर हेडफोन होते आणि मांडीवर आवाज भरायचं यंत्र. तिचा हात वर गेला की कुणी हलायचं नाही, असं तीन दिवसांत ठरून गेलं होतं. सगळे थांबले. निखिल थांबला, कॅमेऱ्यामागचा मुकुल थांबला, हातातला पान्हा खाली ठेवता ठेवता वामनरावही थांबले. शॉटपुरते पंखे बंद होते. कोरड्या विहिरीच्या तळाशी असावी तशी शांतता त्या खोलीत होती.

आणि मग ते पुन्हा आलं. बारीक, खोलवरून, पाइपाच्या पोटातून आल्यासारखं. टक. टक. टक.

"आलं," स्वरा म्हणाली. "पुन्हा तेच. तीन."

"एको असेल गं."

"नाही रे. काकांचं ठोकणं संपून किती वेळ झाला होता."

निखिलने दाराकडे पाहिलं. दाराशी मच्छिंद्र उभा होता, या कोल्ड स्टोरेजचा मशीनवाला. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि गळ्यात मफलर. शून्याखाली चार अंशांत त्याला एवढं पुरत होतं.

"लोखंड हाये ना ते, ताई," मच्छिंद्र म्हणाला. "थंडीनं आवळतं. तुम्ही ठोकलं की हालतं, मंग जागेवर बसताना बोलतं. वीस वर्सं झाली, मी ऐकून राह्यलो."

वीस वर्षं ऐकणाऱ्या माणसापुढे तीन दिवस ऐकणाऱ्या मुलीने काय बोलावं? स्वराने वहीत सातव्या टेकपुढे फुली मारली आणि निखिलला म्हणाली, "अजून एक घे. हा वापरता नाही यायचा."

निखिलचा सिनेमा एका म्हाताऱ्या मुकादमाचा होता. इथलाच, जालना जिल्ह्यातला माणूस. पोट भरायला हिमालयात बोगद्याच्या कामावर गेलेला. कडा कोसळून बोगद्याचं तोंड बर्फाने बुजतं आणि तो एकटा आत राहतो. तीन दिवस तो पाइपावर ठोकत राहतो, पलीकडे कुणीतरी ऐकेल या आशेवर. हिमालयात जाण्याची निखिलची ऐपत नव्हती. मग बदनापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत असलेल्या रतनलालशेठच्या कोल्ड स्टोरेजमध्ये त्यांनी दोन नंबरचं चेंबर चार दिवसांसाठी मागून घेतलं. शेठला सिनेमाचं कौतुक होतं. त्यांची अट एकच होती, गॅसच्या पाइपाला हात लावायचा नाही. म्हणून मच्छिंद्रने भिंतीच्या तळाशी असलेला, बर्फाचं पाणी वाहून नेणारा जाड लोखंडी पाइप दाखवला. "ह्याला कितीबी ठोका. ह्यो सगळ्या चेंबरमधून गेलेला हाये, ह्याला काही होत न्हाई."

बाहेर मे महिना होता. डांबर पायाला चिकटत होतं. दार उघडून बाहेर आलं की उन्हाचा फटका तोंडावर बसायचा आणि चष्म्यावर एकदम पाणी धरायचं. वामनराव दर वेळी हसत म्हणायचे, "काश्मीर ते बदनापूर, दोन पावलं." पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस चाळीस वर्षं राज्य नाट्यस्पर्धेत कामं करत आला होता. कॅमेऱ्यासमोर तो आयुष्यात पहिल्यांदाच उभा राहिला होता. स्पर्धेतल्या सवयीने तो अजूनही शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं बोलायचा, आणि स्वरा त्याला बोटाने खुणावायची, हळू, काका, हळू.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता स्वराने मच्छिंद्रला दोन कामं सांगितली होती. चेंबरांपुढच्या बोळात आठ-दहा बाया चिंच निवडायला बसायच्या. त्यांच्या गप्पा, बत्त्यांचे आवाज, हसणं असं सगळं आत यायचं. आजच्या दिवस त्यांना घरी पाठवता येईल का? हे एक. आणि बोळातल्या भिंतीवर एक लोखंडी डबा होता, धोक्याच्या घंटेचा. कुणी आत अडकलं तर आतलं बटण दाबायचं, की ही घंटा वाजते. पण नुसती असतानाही त्या डब्यातून डासासारखी बारीक गुणगुण यायची आणि प्रत्येक टेकमध्ये उतरायची. ती बंद करता येईल का?

मच्छिंद्रने मान खाजवली होती. "बायांचं होऊन जाईल. घंटीचं..." मग तो म्हणाला, "चार-सहा तासांनी काय होतंय म्हणा." त्याने डब्यातला फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला. बाया आनंदाने चिंचेचे हात धुऊन, पदर झटकून टमटममध्ये बसून गेल्या. चेंबरांची दारं धडाधड लागली. कड्या पडल्या. आणि मग सगळीकडे अशी शांतता झाली की स्वराला आपल्या कानांतलं रक्तसुद्धा ऐकू येऊ लागलं.

तिला ती शांतता फार आवडली होती.

जेवायच्या सुट्टीपर्यंत चौदा टेक झाले. वामनराव ठोकायचे, निखिल कट म्हणायचा, स्वरा हात वर करायची आणि पलीकडून टकटक यायची. कधी लगेच, कधी सगळ्यांचा श्वास रोखून रोखून संपल्यावर. दहाव्या टेकनंतर निखिल वैतागला. त्याने ठरवलं की स्वराने हातच वर करायचा नाही. शॉट झाला की झाला. नको असलेला आवाज कापता येतो. पण कानांवर हेडफोन असलेल्या माणसाला ऐकायचं नाही असं ठरवता येत नाही. तिला वाटलं, आवाज जरा बदललाय. आधी लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा होता, आता त्यात जोर नव्हता. ओरखडल्यासारखा झाला होता. ती मच्छिंद्रला तसं म्हणालीही.

"थंडी मुरली की तसंच व्हतं," मच्छिंद्र म्हणाला.

एक वाजता जेवणं आली. थंडी टिकावी म्हणून मच्छिंद्रने पंखे पुन्हा चालू केले आणि दोन नंबरचं दार बाहेरून लावून घेतलं. निघताना स्वराने यंत्र आत तसंच चालू ठेवलं. रिकाम्या खोलीचा आवाज भरून ठेवावा लागतो, पुढे जोडकामाला उपयोगी पडतो. बाहेर लिंबाखाली सगळे जेवायला बसले. मुकुलने मोबाइलवर गाणी लावली. वामनराव मिशांतलं मीठ झटकत म्हणाले, "आज भाजीला वरून मीठ घ्यायला नको." सव्वादोनपर्यंत कुणी उठलं नाही. उठणार तरी कसं, ऊन तसंच होतं.

दुपारनंतरचं काम लोण्यासारखं झालं. वामनराव ठोकायचे आणि त्यांच्यामागे कसलाही आवाज यायचा नाही. पहिल्या दोन टेकना स्वरा कान टवकारून बसली होती. तिसऱ्याला तिने निखिलला अंगठा दाखवला.

"बसला बुवा एकदाचा तुझा पाइप," निखिल म्हणाला.

साडेतीनला चहा झाला. स्वरा कप घेऊन मागच्या पायरीवर सावलीत बसली आणि सकाळच्या टेकमधले चांगले कुठले ते ऐकू लागली. एक, दोन, तीन. कंटाळवाणं काम. नवव्या टेकला वामनरावांना ठसका लागला होता हे ती विसरली होती. तीनदा ठोकून झाल्यावर ते खोकले आणि खोकल्याच्या हिसक्याने हातातला पान्हा चौथ्यांदा पाइपावर आपटला. निखिलचं "कट" आलं. वामनरावांचं "सॉरी सॉरी" आलं. मग शांतता. मग कपडे सळसळल्याचा आवाज. तो तिचाच हात वर गेल्याचा होता.

टक. टक. टक. टक.

स्वराने यंत्र मागे नेलं. पुन्हा ऐकलं. चहाचा कप पायरीवर ठेवताना तो कलंडला. तिचं तिकडे लक्ष गेलं नाही. तिने हेडफोन काढले. समोर लिंबावर एक होला घुमत होता. पलीकडे हायवेवरून ट्रक जात होते. सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

ती उठून चालायला लागली आणि बोळापर्यंत पोचेस्तोवर पळत होती.

"दादा, पलीकडच्या तीन नंबरमध्ये कोण आहे?"

मच्छिंद्र मीटरची वही लिहीत होता. "कोण असंल? चिंच हाये तीन नंबरात."

"दार उघडा."

"कशापायी? थंडी जाईल भाईर, शेठ मला..."

"दादा, दार उघडा! जल्दी!"

तिचा चेहरा पाहून त्याने पुढे विचारलं नाही. कडी ओढली. दाराबाहेरून दिवा लावला, आतल्या दोन नळ्या फडफडून पेटल्या. पांढरं धुकं त्यांच्या पायांवरून बोळात वाहत गेलं. आत छतापर्यंत चिंचेचे खोके लावलेले होते आणि त्यांमधून एक माणूस जाईल एवढ्या वाटा. आंबूस वास थंडीने गोठून जड झाला होता. स्वरा भिंतीकडेने, पाइपाच्या रेषेने पुढे गेली. शेवटच्या रांगेच्या मागे, दोन्ही भिंती मिळतात तिथे, बारदानांचा ढीग पडला होता. ढिगातून एक हात बाहेर आला होता. त्या हातात पोती उचलायचा आकडा होता, आणि आकड्याचं टोक पाइपाला टेकलेलं होतं.

"साळूबाई!" मच्छिंद्र मागून ओरडला. "आगं... तू तर सकाळी गेल्ती ना बायांसंगं? मी आवाज दिल्ता गं. कोण हाये का म्हणून आवाज दिल्ता मी."

पन्नाशी-पंचावन्नची बाई. सुती लुगडं, पायांत चपला नाहीत. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. डोळे अर्धे उघडे होते आणि स्वरा समोर वाकली तेव्हा ते तिच्यावर येऊन थांबले. ओठ हलले, पण आवाज आला नाही.

मच्छिंद्र आणि मुकुलने तिला उचलून बाहेर आणलं. निखिल तिला उन्हात न्यायला निघाला तेव्हा मच्छिंद्रने अडवलं. एकदम उन्हात नाही, हातपाय चोळायचे नाहीत, आधी गुंडाळा. वामनरावांनी अंगातला तो सिनेमातला जाड कोट काढला आणि तिच्यावर घातला. आकडा तिच्या मुठीतून सुटेना. शेवटी तो तसाच राहू दिला आणि निखिलच्या गाडीत मागच्या सीटवर, स्वराच्या मांडीवर डोकं ठेवून तिला दवाखान्यात नेलं. वाटेत मच्छिंद्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता. आवाज दिल्ता मी. पंखे चालू व्हते, तिला ऐकू गेलं नसंल, पण आवाज दिल्ता मी.

डॉक्टर तासाभराने बाहेर आले. जिवाला धोका नाही म्हणाले. मग म्हणाले, "एवढ्या थंडीत माणसाला गुंगी येते. झोपल्या असत्या तर उठल्या नसत्या. जाग्या कशा राहिल्या कोण जाणे."

घरी आल्यावर संध्याकाळी स्वराने जालन्यातल्या आपल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि दिवसभराचं सगळं पहिल्यापासून ऐकलं. प्रत्येक टेकनंतर ती बाई उत्तर देत होती. काही वेळा उत्तराच्या मधेच स्वराचा स्वतःचा आवाज होता. "आलं, पुन्हा तेच." एकदा ती हसलीही होती. आपलं ते हसू तिने दोनदा ऐकलं. मग जेवणाच्या सुट्टीतला रिकामा आवाज लावला. आपण लिंबाखाली जेवत होतो तेव्हा ती बाई हाका मारत होती का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. सव्वा तास ती ऐकत बसली. पंख्यांची घरघर होती, दुसरं काही नव्हतं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी निखिलने काम थांबवलं. दोन नंबरचं चेंबर आदल्या दिवशी दुपारी लावलं होतं तसंच बंद राहिलं. भाड्याचं यंत्र संभाजीनगरला परत करायचं होतं. ते खांद्याला अडकवून स्वरा निघाली आणि वाटेत बदनापूरला दवाखान्याशी उतरली. वामनराव तिथे आधीच येऊन बाकावर बसले होते. दाढी केलेली नव्हती.

"आत गेलो नाही अजून," ते म्हणाले. "तुझी वाट बघून राह्यलो."

साळूबाई उशीला टेकून बसली होती. अंगावर दवाखान्याची लाल घोंगडी. बोटांना पट्ट्या. शेजारी तिची लेक, संध्या, मोसंबी सोलत होती. तिने दोघांकडे पाहिलं आणि सोलायची थांबली.

"सिनेमावाले ना तुम्ही?" संध्या म्हणाली. "शेठ येऊन गेले सकाळी. सगळे गोड बोलतेत. घंटी का वाजली न्हाई, एवढंच कुणी सांगंना. आईनं बटण दाबून दाबून अंगठा सुजवून घेतला."

स्वराने खाटेच्या पायथ्याशी असलेली लोखंडी दांडी धरली. "घंटा मी बंद करायला सांगितली होती," ती म्हणाली. "तिचा आवाज येत होता. मला शांतता पाहिजे होती."

संध्या तिच्याकडे पाहतच राहिली. साळूबाईनेच पट्टी बांधलेला हात हलवला.

"जाऊ दे, माय. तुला काय ठावं, मी आत हाये म्हणून. मीच मागल्या रांगेत खोके सारखे करत बसले. अन् तुम्ही जवाब तर दिला ना? मी पाइप वाजवलं की तुम्ही वाजवायचे. म्हनलं, कळलं ह्यांना. आता भिंत फोडून राह्यले असतील, जरा दम धर, साळू. त्याच्यावरच तर बसले मी."

वामनरावांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल शोधला, तो सापडला नाही. तसाच चष्मा हातात धरून, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आपला आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, "मावशी, ते तुमच्यासाठी नव्हतं. तुम्ही आत आहात हे आम्हाला माहीत नव्हतं. ते नाटक होतं. मी अडकलेल्या माणसाचं काम करत होतो. मीच ठोकत होतो."

समजायला अवघड असं त्यात काही नव्हतं, पण साळूबाई ते सावकाश समजून घेत होती. मग तिने मान हलवली.

"ते मोठ्यानं ठोकायचं, ते तुमचं?"

"हो."

"नाटक व्हतं ते. बरं." ती थांबली. "मंग दुपारची बाई कोण व्हती?"

"कोण बाई?" स्वराने विचारलं.

"आता बघा. तुमचं ठोकणं मधी बंद झालं. लई येळ बंद. पंखा सुरू झाल्ता. मला झोप यायला लागली, अन् लई गोड झोप, माय, ऊब आल्यासारखी. म्हनलं पडावं. तेवढ्यात पाइप वाजायला लागलं. जोरात न्हाई, नखानं वाजवावं तसं. थांबतच न्हवतं. माझे डोळे मिटले की जोरात वाजायचं, उघडले की हळू. पलीकडून, तुमच्याच खोलीतून. बांगड्या बी वाजायच्या संगं, काचेच्या. मंग कळलं मला, बाईमाणूस हाये. तिच्यामुळं जागी राह्यले मी. मंग तिचं थांबलं अन् तुमचं मोठं ठोकणं पुन्हा सुरू झालं. तवा माझा हात उचलत न्हवता."

खोलीबाहेर कुणाचं तरी तान्हं रडत होतं. स्वराचा हात दांडीवरून निघाला. तिच्या एका मनगटात घड्याळ होतं, दुसऱ्यात काही नव्हतं. आपल्या मंडळींत बाई म्हणून ती एकटीच होती. आणि सुट्टीत दोन नंबरचं दार बाहेरून लावलेलं होतं.

वामनराव घसा साफ करत म्हणाले, "मावशी, ते... तेही मीच..."

"न्हाई," साळूबाई म्हणाली. राग नव्हता त्यात. "तुम्ही न्हवता." मग तिची नजर स्वराच्या खांद्यावरच्या पिशवीकडे गेली. "संध्या म्हणत व्हती तुमच्याकडं आवाजाचं यंत्र असतंय. त्यात तिचं वाजवणं भरलं असंल ना? ऐकवता का एकडाव?"

त्यात काही नाही, असं सांगणं सोपं होतं. खरंही होतं. कालच तिने ते सबंध ऐकलं होतं. पण काल दिवसभर याच बाईच्या टकटकीला सगळ्यांनी "काही नाही" म्हणून सोडून दिलं होतं, आणि आज ते शब्द तिच्या तोंडून निघेनात. तिने यंत्र घोंगडीवर ठेवलं, हेडफोन साळूबाईच्या पांढऱ्या केसांवरून हळूच कानांवर बसवले आणि जेवणाच्या सुट्टीतला रिकामा आवाज लावला. यंत्राच्या काचेवरची हिरवी रेघ एका जागी येऊन थांबली आणि तिथेच राहिली, पंख्यांच्या घरघरीवर.

साळूबाईने डोळे मिटले. एक मिनिट गेलं, दोन गेली. संध्याने आईकडे, मग स्वराकडे पाहिलं. वामनराव दांडीला टेकून उभे होते. स्वरा यंत्र बंद करायला वाकली.

तेवढ्यात साळूबाईचं एक बोट, पट्टीतून बाहेर राहिलेलं, खाटेच्या कडेच्या लोखंडावर पडलं. मग पुन्हा. मग पुन्हा. नाच बघणारा माणूस ठेका धरतो तसं, ऐकून ऐकून. मधेच ते थांबायचं, तिची मान जराशी कलायची, मग दोनदा भरभर पडायचं. हिरवी रेघ जागची हलत नव्हती. वामनरावांनी दांडीवरचा आपला हात सावकाश उचलून छातीशी घेतला.

"हीच," साळूबाई डोळे न उघडता म्हणाली. "लई दमलीये आता. ऐकू येतंय का?"

शेवटी साळूबाईने स्वतःच हेडफोन काढले, घोंगडीवर ठेवले आणि स्वराकडे पाहिलं. तिचे डोळे निवळ होते, गुंगीतल्या माणसाचे नव्हते.

"तिला काढलं ना वो भाईर?"

स्वराने यंत्र बंद केलं. ती खोलीबाहेर आली. बोळाच्या टोकाला उन्हाचा एक चौकोन फरशीवर पडला होता, त्यात जाऊन उभी राहिली. तिने मोबाइल काढून मच्छिंद्रला लावला. तो कामावरच होता, मागे मशीनची धडधड ऐकू येत होती.

"दादा, दोन नंबरचं दार उघडून बघा जरा."

"दोन नंबर? ते तर कालपासून बंदच हाये, ताई. तुमचं सामान तेवढं हाये आत." तो थांबला. "का बरं?"

"उघडून बघा, दादा. मी फोनवर आहे."

मग त्याची पावलं ऐकू आली, बोळातून चालत जाणारी. मशीनची धडधड मागे पडत गेली. स्वराने फोन कानाशी घट्ट दाबला, दुसरा कान तळव्याने झाकला आणि ऐकत उभी राहिली. पावलं थांबली. तिला वाटलं मच्छिंद्र आता काही विचारेल. लोखंडी कडी सरकल्याचा आवाज आला.